गोकुळाबाईचं रक्त विमानानं गेलं

मोहबोडी हे आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे जुन्या लोकांच्या चांद्यात, सिंदेवाही तालुक्यात, एका जुन्या मोठ्या तलावाच्या बांधाला, म्हणजे पाळीला लागून. निम्मी घरं ढिवरांची, निम्मी धान पिकवणाऱ्यांची. मी या गावची आशा. मंजुषा माझं नाव. गरोदर बायांची नोंद, लेकरांच्या लसी, तापाच्या गोळ्या, सगळं माझ्याकडे. या कामात मी पुष्कळ बाया पाहिल्या, पण गोकुळाबाईसारखी दुसरी पाहिली नाही. म्हणून तिची गोष्ट सांगते.

गोकुळाबाई ढिवरांची. नवरा दादाजी तलावात जाळं टाकतो आणि ती मासळी घेऊन सिंदेवाहीच्या बाजारात बसते. बाई ठेंगणी, पण आवाज असा की बाजाराच्या या टोकाला हाक मारली तर त्या टोकाचं गिऱ्हाईक वळून पाहतं. मासळी शिळी असेल तर विचारायच्या आधीच सांगून टाकते, "कालची हाय बाप्पा, घ्याची असन त घे." लोक तरी तिच्याचकडे येतात. कदाचित म्हणूनच येतात.

लग्नानंतर सात वर्षं तिला मूल नव्हतं. मग सोळा वर्षांपूर्वी दिवस राहिले. मी तेव्हा आशा म्हणून नवीनच लागले होते, आणि गोकुळाबाईचं बाळंतपण हे माझ्या हातातलं पहिलं मोठं काम होतं. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, संपत आलेली. कळा सुरू झाल्या तशी आम्ही तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मुलगी झाली, चांगली ठणठणीत. पण गोकुळाबाईचं रक्त थांबेना. तिथल्या डॉक्टरांनी वेळ घालवला नाही, सरळ नागपूरला पाठवलं.

रुग्णवाहिकेत ती आडवी, पायाशी दादाजीभाऊ, आणि माझ्या मांडीवर ती काही तासांची पोरगी. रस्ता तेव्हा जागोजागी फुटलेला. नागभीडच्या पुढे ट्रकांची रांग लागली होती. चार तास लागले. सारा वेळ दादाजीभाऊ बायकोच्या तळव्यांना आपल्या हातांनी चोळत होता, आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता.

नागपूरच्या डॉक्टरांनी रक्तस्राव थांबवला, पण तोपर्यंत अंगात फार काही उरलं नव्हतं. रक्त द्यावं लागेल म्हणाले. तपासलं तर गट निघाला ओ. दादाजीभाऊच्या जिवात जीव आला, कारण ओ गटाची माणसं आमच्या गावातही आहेत. पण पिशवी लावायच्या आधी रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहतात, ती जुळेना. दुसरी आणली, तीही जुळेना. तिसरीचंही तेच. मग रक्तपेढीतल्या रीताताई स्वतः बाहेर आल्या. चष्मा कपाळावर चढवलेला, हातात मोबाइल.

"यांचं रक्त ओ नाहीच," त्या म्हणाल्या. "ओसारखं दिसतं, पण वेगळं आहे. त्याला बॉम्बे ग्रुप म्हणतात. दहा हजारांत एखाद्याचं असतं. यांना फक्त त्याच गटाचं रक्त चालेल. दुसरं दिलं तर जिवावर बेतेल."

दादाजीभाऊ त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. "मॅडम, ते कधी चांदा जिल्हा सोडून गेली नाई. तिच्या अंगात बॉम्बेचं रक्त कसं काय आलं?"

रीताताईंनी त्याला शांतपणे सांगितलं की हा गट पहिल्यांदा मुंबईत सापडला म्हणून तसं नाव पडलं, त्याचा गावाशी काही संबंध नाही. मग त्या फोनला लागल्या. अशा रक्ताच्या माणसांची नावं त्यांच्यासारख्या लोकांकडे असतात आणि गरज पडली की एका शहरातून दुसऱ्या शहरात फोन जातात. नागपुरातल्या एकानं नुकतंच रक्त दिलेलं होतं. दुसऱ्याला कावीळ झाली होती. ती पूर्ण दुपार आम्ही व्हरांड्यात बसून काढली. पोरीला शेजारच्या एका बाळंतिणीनं आपलं दूध पाजलं. तिचं नावही मी विचारलं नाही, तेवढं भानच नव्हतं.

संध्याकाळी रीताताई आल्या. "बंगळूरला एक गृहस्थ तयार झालेत. रक्त देतायत. तपासण्या होतील आणि पिशवी उद्या सकाळच्या विमानानं येईल."

दादाजीभाऊ बंगळूरला कामाला गेलेल्या गावातल्या एका माणसाला एकदा बल्लारशाला रेल्वेत बसवून आला होता. तेवढंच त्याला बंगळूर माहीत. तो घाबरला. "गाडीनं एक दिवस न एक रात लागते जी. तवरी ते जित्ती राह्यन काय?"

"गाडीनं नाही हो, विमानानं. अंतर नऊशे किलोमीटरच्या थोडं आत आहे. पावणेदोन तास लागतात."

त्यानं बोटांवर तास मोजले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मंजुषाबाई, आपल्याले मोहबोडीवरून इथी याले चार तास लागले."

ती तक्रार नव्हती. त्याला ते मनात बसवता येत नव्हतं, एवढंच. मलाही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रीताताई विमानतळावरून एक निळा डबा घेऊन आल्या. आतमध्ये बर्फ, आणि बर्फात पिशवी. जुळवून पाहिली. जुळली. आम्ही दाराच्या काचेतून बघत होतो. चेहऱ्यावर रंग येतो असं लोक म्हणतात, ते मी त्या दिवशी खरोखर घडताना पाहिलं. आधी ओठ, मग कानाच्या पाळ्या. दादाजीभाऊ भिंतीला टेकून खाली बसला आणि डोक्यावरचा दुपट्टा तोंडात धरून रडला.

गोकुळाबाई बोलायला लागली तेव्हा पहिलं वाक्य होतं, "पोट्टी कोठी हाय?" पोरगी तिच्या कुशीत दिली. तिला निरखून झाल्यावर तिनं दुसरं विचारलं, "मले कोनाचं रक्त लावलं?"

रीताताईंनी नाव सांगितलं नाही, तसा नियमच आहे. म्हणाल्या, "एवढंच सांगते की तो माणूस काम टाकून आला, आणि पिशवी विमानात चढेपर्यंत तिथून हलला नाही."

पोरीचं नाव दिव्यानी ठेवलं. गोकुळाबाई घरी आली, महिनाभरात उठली, तीन महिन्यांनी बाजारातही बसायला लागली. पण एक गोष्ट तिच्या मनातून जाईना. मी पोरीचं वजन करायला गेले की ती तेच काढायची. "देवाले नारळ फोडलं बाई. डॉक्टरच्या पाया पडली. तुम्हाले लुगडं नेसवलं. न ज्यानं रक्त देल्लं त्याले काहीच नाई. त्याचं तोंड भी पाह्यलं नाई मी."

दिव्यानीचा पहिला वाढदिवस आला. गोकुळाबाईनं रोहूचं कालवण केलं, भात केला, वर घरचं तूप, आणि डबा भरून सिंदेवाहीच्या बसस्टँडवर गेली. तिथे एक ट्रक ड्रायव्हर चाक बदलून घेत बसला होता, तेलंगणातला. त्याची भाषा हिला येत नव्हती, हिची त्याला. तरी तिनं त्याला बाकावर बसवलं आणि पूर्ण डबा संपेपर्यंत समोर उभी राहिली. मी दुसऱ्या दिवशी विचारलं, "हे काऊन केलं?"

"तो मानूस कोन, मले मालूम नाई," ती म्हणाली. "मंग अनोळखीच मानसाले जेवू घातलं त त्याच्यापाशी पोचत असन. नाई काय?"

दर वर्षी तिनं हे केलं. एका वर्षी समोरचा म्हातारा माळकरी निघाला. मासळी बघून त्यानं हात जोडले. गोकुळाबाई धावत जाऊन केळी घेऊन आली, पण त्याला उपाशी जाऊ दिलं नाही.

दिव्यानी पाचवीत गेली तेव्हा शाळेतून नकाशाची वही घेऊन आली. तिला आपल्या जन्माची गोष्ट पाठ होती. तिनं जाळं विणायचा दोरा घेतला, एक टोक नागपूरवर ठेवलं, दुसरं बंगळूरवर ताणलं, आणि तोच दोरा खालच्या मापावर ठेवून किलोमीटर मोजले. मी तेव्हा तिथेच बसले होते. "आई, रस्त्यानं गेलं त हजाराच्या वर होते. हवेतून नऊशेच्या आत," पोरगी म्हणाली.

गोकुळाबाईनं दोऱ्यावर बोट ठेवलं आणि हळूहळू वर सरकवलं. "न आपलं चांदा कुठी हाय याच्यात?"

"हे पाह्य, दोऱ्याच्या अगदी बाजूले."

"म्हनजे थे पिशवी चांद्याच्या बाजूनं नागपूरले गेली, न मी भी चांद्याच्याच बाजूनं नागपूरले गेली," ती म्हणाली. एवढंच बोलून तिनं दोरा गुंडाळून ठेवला. पण त्या दिवशी तिनं मला विचारलं की आपलं रक्त दुसऱ्याला चालेल का. मी रीताताईंना फोन लावून दिला आणि तिचं नाव त्यांच्या यादीत गेलं.

फोन यायला दोन वर्षं गेली. रायपूरकडचा एक मुलगा अपघातात सापडला होता. गोकुळाबाईनं बाजारातली टोपली शेजारणीच्या हवाली केली आणि आम्ही दोघी नागपूरला गेलो. रीताताईंनी तिच्या बोटाला सुई टोचली, थेंब तपासला, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमचं हिमोग्लोबिन नऊ आहे. रक्त द्यायला साडेबारा लागतं."

"थोडसंक तरी घ्या. आधी पिशवी घ्या."

"अहो, तुमच्याच अंगात नाही, मी काय काढू? तुम्हाला आडवं पाडून त्याला उभं करायचं नाही मला."

त्या मुलाला पुण्याचं रक्त मिळालं आणि तो वाचला, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. पण परतीच्या बसमध्ये ते माहीत नव्हतं. उमरेड येईपर्यंत गोकुळाबाईनं तोंडावरचा पदर काढला नाही. मग म्हणाली, "माह्यासाठी तो काम टाकून आला. माही बारी आली त माह्या अंगात निघालंच नाई."

मला रागच आला, तिचा आला की सगळ्या गावाचा, कोण जाणे. मी म्हटलं, "कसं निघन? तुम्ही जेवता कवा?"

तिच्या घरचं मला माहीत होतं. चांगली मरळ बाजारात जाते. उरलेल्यात नवऱ्याचं ताट, सासूचं ताट, मग पोरीचं. शेवटी गंजात, म्हणजे पातेल्यात, जो रस्सा उरतो तो भातावर ओतून गोकुळाबाई चुलीपाशी बसते, तेही बाजाराची वेळ झाली नसेल तर. मी दर महिन्याला दिलेल्या लोहाच्या गोळ्या छताच्या बल्लीवर एका डब्यात पडून, कारण त्या घेतल्या की पोटात मळमळतं. आणि हे तिच्या एकटीच्या घरचं नाही. मी घरोघरी हेच बघते. बायांना बसवून सांगते, त्या मान हलवतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेवटी जेवतात. स्वतःसाठी खाणं आमच्या बायांना जमत नाही.

बस भिवापूरला थांबली. गोकुळाबाई खिडकीकडे बघत म्हणाली, "म्हनजे मी खाल्लं त थे दुसऱ्याले भेटन?"

"होय. तसंच हाय."

"मंग खातो."

आणि ती खरंच खायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मासळीतली एक मरळ तिनं टोपलीत न टाकता घरी ठेवली. दुपारी नवऱ्याच्या शेजारी ताट मांडून बसली. तिची सासू भागीरथाबाई जुन्या वळणाची. ती ओसरीवरून कुरकुरली, "सून नवऱ्याच्या मांडीले मांडी लावून बसून राह्यली आता."

दादाजीभाऊ जेवता जेवता म्हणाला, "आई, ते दुसऱ्यासाठी खाऊन राह्यली."

म्हातारीला ते कसं पटलं ते मला सांगता येणार नाही. पण चार दिवसांनी मी गेले तर तीच पाळीवरून तरोट्याची कोवळी पानं खुडून आणत होती. त्या घरात मग कधी तरोटा, कधी मुंगन्याचा म्हणजे शेवग्याचा पाला, वाळलेले झिंगे, गुळासोबत भाजलेले शेंगदाणे, उन्हाळ्यात मोहफुलाचे लाडू. गोळी जेवण झाल्यावर, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत. मग मळमळ कमी होते हे मी तिला शिकवलं. ती अधूनमधून माझ्याकडे यायची आणि बोट पुढे करायची. आकडा वाढला की हसायची. धान कापणीच्या महिन्यात कामाच्या धबडग्यात तो पुन्हा खाली आला, तेव्हा भांडली माझ्याशी, जसं काही मीच चोरलं.

रीताताईंनी एकदा सांगितलं होतं की सख्ख्या भावंडांतही हा गट निघू शकतो. गोकुळाबाईचा धाकटा भाऊ धनराज गडचांदूरला सिमेंट कारखान्यात आहे. शरीरानं आडदांड, पण सुईचं नाव काढलं की घराबाहेर. दोन वर्षं त्यानं टाळाटाळ केली. मग भाऊबीजेला तो लुगडं घेऊन आला. गोकुळाबाईनं ओवाळलं, लुगडं बाजूला सारलं आणि म्हणाली, "ओवाळनीत हे नोको. नागपूरले चाल."

"बाई, दुसरं काहीही माग," तो म्हणाला. मोठ्या बहिणीला तो बाईच म्हणतो.

"दुसरं काही नोको मले."

गेला बिचारा. रक्त तपासलं. तेच निघालं. त्यानं लगेच मला फोन केला. "मंजुषाबाई, माहं भी बाईवानीच हाय. आता त सुटका नाई."

मागच्या वर्षी जानेवारीत रीताताईंचा फोन आला. एक बाळंतीण होती, वय बावीस. बाळ सुखरूप, पण तिची अवस्था वाईट. तिथल्या दोघांचं रक्त देऊन झालं होतं, अजून दोन पिशव्या लागणार होत्या. मी फोन घेऊन बाजारात धावले. गोकुळाबाई एका गिऱ्हाइकाला मासळी तोलून देत होती.

"कोनत्या गावची म्हनलं?" तिनं विचारलं.

"बंगळूरची."

हातातला तराजू तसाच खाली ठेवून ती ओल्या पोत्यावर बसली. मग उठली, समोरच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत मासळी ओतली आणि म्हणाली, "घेऊन जा बाप्पा, मले जाचं हाय."

आम्ही त्याच संध्याकाळी नागपूरला पोहोचलो आणि रीताताईंच्या घरी थांबलो. धनराज गडचांदूरहून थेट आला. सकाळी रक्तपेढी उघडायच्या वेळी आम्ही दारात. बोटाला सुई टोचली, थेंब तपासला. रीताताईंनी या वेळी चष्मा काढला नाही. आकड्याकडे बघितलं, मग गोकुळाबाईकडे बघितलं.

"तेरा."

"म्हनजे पास?"

"पास."

गोकुळाबाईनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. पलंगावर आडवी झाली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. नर्सनं विचारलं, दुखतंय का. ती म्हणाली, "नाई जी, भरू द्या. पूर्न भरू द्या."

धनराजचं वेगळंच. तो तोंड भिंतीकडे करून, बहिणीचा पदर मुठीत धरून पडला होता. सुई टोचायच्या आधीच दोनदा विचारून झालं, "झालं काय बाई?" रक्त मात्र त्यानं व्यवस्थित दिलं. उठून चहा घेतला, बिस्किट खाल्लं, आता मला कोणाची भीती नाही म्हणाला, आणि खुर्चीवरून अलगद खाली घसरला. दोघातिघांनी त्याचे पाय वर उचलून धरले. शुद्धीवर आला तेव्हा पूर्ण खोली हसत होती, आणि तोही.

तपासण्या व्हायला दुपार झाली. तोच निळ्या रंगाचा डबा, म्हणजे तसाच दुसरा. बर्फात दोन्ही पिशव्या शेजारी शेजारी ठेवल्या. रीताताई डबा घेऊन निघाल्या आणि आम्हालाही गाडीत घेतलं. वर्धा रोडनं विमानतळाकडे जाताना डबा गोकुळाबाईच्या मांडीवर होता. झाकणाला चांगल्या घट्ट कड्या होत्या, तरी तिनं ते दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं होतं. मालाच्या फाटकापाशी कागदपत्रं झाली, आतल्या माणसानं डबा घेतला आणि तो गेला.

आम्ही रस्त्याच्या कडेला कुंपणापाशी उभे राहिलो. दोन विमानं गेली. रीताताई म्हणाल्या, ही नाहीत. मग एकाकडे बोट केलं. ते धावलं, नाक वर केलं आणि आमच्या डोक्याच्या थोडं पलीकडून वर चढलं. धनराजनं टोपी काढून हलवली. गोकुळाबाईनं हात जोडले आणि ते दिसेनासं होईपर्यंत तसेच ठेवले.

"मी भी त्याच्यात बसून गेली असती त चाललं असतं काय?" तिनं रीताताईंना विचारलं.

"तुमचं रक्त गेलं ना. तुम्ही गेल्यासारखंच आहे."

"हो, पन पिशवीले खिडकी नाई ना."

रीताताई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा पुसावा लागला.

धनराजला चंद्रपूरच्या बसमध्ये बसवून आम्ही आमची बस पकडली. उमरेड गेलं. गोकुळाबाईला झोप येत होती, पण ती फोन हातात घेऊन बसली होती. भिवापूरच्या अलीकडे फोन वाजला. रीताताई एवढंच म्हणाल्या, "उतरली."

आम्ही अजून नागभीडलाही पोहोचलो नव्हतो. गोकुळाबाई सीटवरून उठून उभीच राहिली आणि आपल्या बाजारातल्या आवाजात बोलली, "माहं रक्त बंगळूरले पोचलं जी!"

पूर्ण बस वळली. कंडक्टरला वाटलं कोणाला लागलं. मग त्याला सांगावं लागलं, त्याच्या मागच्या बाईला सांगावं लागलं, आणि नागभीड येईपर्यंत तिनं पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगितली. कापसाच्या गाठोड्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मध्येच विचारलं, त्या बाईची जात कोणती. गोकुळाबाई म्हणाली, "थे बाळंतीन हाय, भाऊ," आणि पुढे सांगू लागली.

घरी पोहोचलो तर दिवे लागले होते. दादाजीभाऊनं स्वतः भात टाकला होता. भागीरथाबाईनं सुनेचं ताट पहिलं वाढलं आणि शेजारी बसून राहिली. ताटातला भात संपत आला की पुन्हा वाढत होती.

सकाळी रीताताईंचा फोन आला. दोन्ही पिशव्या चढल्या होत्या, रक्त थांबलं होतं, बाळंतिणीनं डोळे उघडून पाणी मागितलं होतं. मी ते सांगायला गेले तेव्हा गोकुळाबाई अंगणात दिव्यानीची वेणी घालत होती. वेणी अर्धी सोडून तिनं पोरीला पोटाशी ओढलं. पोरीनं विचारलं, "आई, काऊन रडतं?" ती म्हणाली, "त्यानं तवा मले वाचवलं म्हनून तू हायेस. आता तिकडंचं लेकरू भी आपल्या मायजवळ झोपन."

तीन आठवडे गेले. एका दुपारी रीताताईंनी फोन केला आणि म्हणाल्या की तिकडचे लोक एकदा बोलायचं म्हणून फार मागे लागलेत. नावं कोणी कोणाला सांगायची नाहीत, पण दोन शब्द बोलायला हरकत नाही. तिकडे एक बाई आहे, ती त्यांचं बोलणं हिंदीत सांगेल. मी फोन स्पीकरवर टाकून खाटेवर ठेवला. दादाजीभाऊ जाळं खांद्यावर घेऊन निघाला होता, तो थांबला. शेजारच्या बायाही कुंपणाशी आल्या.

पलीकडून एक माणूस बोलू लागला. बहुतेक त्या बाळंतिणीचा नवरा. एक शब्दही कळत नव्हता. तो मध्येच थांबला, पुन्हा बोलला, पुन्हा थांबला. हिंदीवाली बाई म्हणाली की आमच्या घरावर तुमचे उपकार आहेत, आम्ही रोज देवापुढे तुमच्या नावानं, म्हणजे नाव माहीत नाही म्हणून नुसतं 'नागपूरची बहीण' म्हणून दिवा लावतो, असं हे सांगत आहेत.

बाजारात कोणापुढे न हरणारी गोकुळाबाई पदर सावरून फोनजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "उपकार नोको म्हना. तुमच्याच गावचं मले आलं होतं." मी ते मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं.

तेवढ्यात फोनमधून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. मोठ्यानं, हट्टानं. तिकडे कोणीतरी त्याला गप्प करायला लागलं. गोकुळाबाई खाटेवर वाकली आणि कान देऊन ऐकू लागली.

"मंजुषाबाई," ती एकदम म्हणाली, "हे भुकेचं रडनं हाय. त्यायले सांगा, बोलनं मंग करा, आधी लेकराले पाजा. न त्या बाईले म्हना, पाजाच्या आधी तू जेव."

मी हिंदीत सांगितलं. ते तिकडे त्यांच्या भाषेत पोहोचलं. मग बाळाच्या रडण्याजवळूनच एका बाईच्या हसण्याचा आवाज आला.